शब्दाले जामीन राह्यलेला दसरू

दसरूसारखा हेकट माणूस मी उभ्या जन्मात पाह्यला नाई. त्याचं नाव निघालं की माहं डोस्कं फिरते, अन् मग घरवाली जरीना म्हणते, आता पुरे करा, जेवून घ्या. पण आज सांगतोच.

मी जाहिद. कुरखेड्यात आमचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. आता पोरगा आकिब पाहते, पण तीस वर्षं कर्णे गाडीवर बांधून गावोगाव मीच फिरलो. लग्न असो, उरूस असो, सभा असो. दसरूची अन् माही गाठ सभेतच पडली. तो जंगलातल्या एका पाड्याचा, दोन एकर धान, बाकी मोहफूल अन् तेंदूपत्ता. पण आश्रमशाळेत सातवी शिकला होता, म्हणून मराठी साफ. गोंडी तर त्याची मायबोलीच. पुढारी मराठीत बोलायचा अन् दसरू ते गोंडीत सांगायचा. हेच त्याचं काम. त्याच्या बदल्यात त्याले चहा अन् गाडीत जागा भेटायची, बस.

बाकीचे दुभाषी काय करत, पुढारी दहा मिनिटं बोलला की दोन वाक्यात आटपून टाकत. दसरूचं तसं नाई. बोलणं थांबलं की हा जमिनीकडे पाहून ओठ हलवायचा, सगळं मनात मांडून घ्यायचा, अन् मग एक शब्द न गाळता सांगायचा. एकवार बापूराव भाषणात म्हणाले, सरकारनं आपल्या कोपराले गूळ लावला. दसरू तिथीच अडला. माइकवरच विचारते, "कोणाच्या कोपराले, भाऊ? अन् काऊन लावला? लोक विचारतीन." सगळी सभा हसली. बापूरावही हसले. दसरू मात्र उत्तर भेटेपर्यंत हलला नाई.

हे बापूराव तवा कोणी नव्हते. पायात रबरी चप्पल, खांद्याले झोला, अन् पायी पायी गावं पालथी घालायचे. मरकाकुही नावाच्या गावाजवळच्या डोंगरात लोखंड आहे म्हणून मोजणीवाले येऊन गेले होते, अन् त्याच्याविरुद्ध बोलणारा सगळ्या तालुक्यात हा एकच माणूस. मलेही आवडायचे ते. खोटं कशाले बोलू.

वीस वर्षं झाली त्या सभेले. मरकाकुहीच्या गोटूलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, सगळं गाव जमलं होतं. बापूराव म्हणाले, "हा डोंगर कोणत्याही कंपनीले देणार नाई. मी जिवंत आहो तोपर्यंत नाई. उद्या आमदार झालो तरी नाई, माह्या पक्षानं म्हणलं तरी नाई." दसरूनं ते जसंच्या तसं सांगतलं. मी तिथीच मशीनजवळ बसलो होतो. ह्या कानानं ऐकलं.

त्यावर गावचा म्हातारा कोलू उठला. म्हणे, बाहेरच्या माणसाच्या शब्दाले इथी जामीन लागते. कोण राहते? बाकीच्या गावांचं मले माहीत नाई, त्या गावची रीत अशी. गावाचा सोयरा असन त्यानंच जामीन राहायचं. गावच्या हातचं पाणी सगळ्यांसमोर प्यायचं, झालं. शब्द मोडला, तर त्या जामिनानं त्या गावात पाणी घ्यायचं नाई, अन्न घ्यायचं नाई. पण ज्याचा शब्द, त्यानं स्वतः गोटूलात येऊन सांगतलं की माहा शब्द मी मागं घेतो, की जामीन सुटला. कोणी कोणावर रागवायचं नाई. म्हणजे पहा, माणसानं बदलू नये असं काही ते म्हणत नव्हते. बदलला तर येऊन सांग, एवढंच.

दसरूची मोठी बहीण बुधरी त्याच गावात दिलेली. माय लहानपणीच गेली, तर ह्याले कडेवर वागवून मोठं केलं ते तिनंच. म्हणून सोयरा तोच. दसरू उठला अन् कोलूच्या हातचा द्रोण घेऊन पाणी प्याला. गाडीत मी म्हणलो, "दसरू, पुढाऱ्याच्या शब्दाले जामीन राह्यला तू? येडा झाला का?" तर म्हणे, "बापूरावभाऊचा शब्द आहे, जाहिदभाऊ." जसं काय त्याच्या बापानंच दिला होता.

बापूराव निवडून आले. मग पक्ष बदलला. मी दसरूले चिडवलं, तर म्हणे, झेंडा बदलला, डोंगर तर तिथीच आहे ना. मग ज्याईच्या विरुद्ध निवडून आले त्याईच्याच मांडीवर जाऊन बसले. तवाही हा म्हणे, डोंगराचं कुठी काय म्हणलं त्यानं. लोक त्याईले "भाऊ" म्हणत होते ते "साहेब" म्हणू लागले. दसरूही म्हणू लागला.

तीन वर्षांआधी तालुक्याच्या मैदानात सभा होती. मशीनवर मीच. बापूराव म्हणाले, डोंगरातलं लोखंड निघालंच पाहिजे, त्याच्याशिवाय पोरांच्या हाताले काम नाई, अन् अडवणारे लोकाईचे दुश्मन आहेत. दसरू गर्दीतून माह्याजवळ आला. तोंड असं उतरलं होतं की मी त्याले बसायले खुर्ची दिली. "त्यानं डोंगराचंच म्हणलं का?" म्हणे. मी म्हणलो, तू ऐकलं ना. त्यानं मान हलवली अन् उठून गेला.

त्या दिवसापासून दसरूनं बुधरीच्या घरी पाणी घेतलं नाई. गावानं सांगतलं नव्हतं, कोलूनं बोलावलं नव्हतं. त्याचा तोच थांबला. मे महिन्याच्या उन्हात नऊ कोस सायकल हाणत जायचा, बहिणीच्या अंगणात बसायचा, अन् तहान लागली की गावाच्या शिवेबाहेर नाल्यावर जाऊन पाणी पिऊन यायचा. बुधरी पहिले रागवली. लोटा पुढं करायची, तो हात मागं घ्यायचा. मग रडायची. मग तिच्या छातीत दम भरू लागला अन् ती खाटेवरच राहू लागली. तिचं एकच म्हणणं. मरायच्या आधी माह्या हातचं एकवार जेवून जाय. बस, दुसरं काही मागत नव्हती.

तर दसरूले बापूराव पाहिजे होते. डोंगर वाचवायले नाई, तेवढी आशा त्याची राह्यली नव्हती. फक्त गोटूलात येऊन एक वाक्य बोलायले. सात वेळा तो गडचिरोलीच्या बंगल्यावर गेला. दोनदा मी सोबत होतो. बापूराव काही वाईट वागले नाईत, सांगून ठेवतो. चहा दिला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "दसरू, तवा मी जवान होतो. जंगल जंगल करत राह्यलो, पोरं मात्र गुजरात-तेलंगणात मजुरीले गेली. माणूस शिकते, बदलते." मी मनात म्हणलो, यात चूक काय आहे? मरकाकुहीचीच चार पोरं आज कंपनीच्या सडकेच्या कामावर डंपर चालवून राह्यली. मीही बदललोच ना आयुष्यात. पण दसरू म्हणे, "तुम्ही बदलले त्याचं काही नाई साहेब. फक्त एकवार येऊन तसं सांगा." साहेब म्हणाले, येतो. सातही वेळा म्हणाले, येतो.

अन् ते आले. ह्या फागुनात. कंपनीच्या कामाले ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता, म्हणून आले. नव्या सडकेनं अकरा गाड्या. माइक माहाच. दसरू धुतलेला सदरा घालून सकाळपासून येऊन बसला होता. बुधरीची नात दीपिका मले म्हणे, आजीनं आज तांदूळ काढून ठेवले, मामाआजा जेवणार म्हणून.

कोलूचे डोळे आता गेले. दोघांनी धरून आणलं त्याले. त्यानं गोंडीत विचारलं अन् दसरूनं मराठीत सांगतलं, "कोलूदादा विचारते, तुम्ही डोंगर देणार नाई म्हणले होते. तो शब्द आज मागं घेता का?"

एक "हो" म्हणायचं होतं. तेवढ्यानं भागलं असतं. बापूरावांनी तोंड उघडलंही, पण समोर पेपरवाले मोबाइल धरून उभे होते. ते त्याईले दिसले. मग ते हसले अन् म्हणाले, "असं मी कधी म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो होतो, लोकांना विश्वासात घेऊन ठरवू. आमचा दसरूभाऊ साधा माणूस आहे, त्यानं आपल्या मनाचं सांगितलं असेल. सांग दसरूभाऊ, त्यांना नीट समजावून सांग."

माइक दसरूच्या हातात होता. तो जमिनीकडे पाहून ओठ हलवू लागला. मले वाटलं, आता तरी हा शहाणा होईन. साहेबाले गोंडी समजत नाई. त्याच्या माणसांले नाई, पेपरवाल्यांले नाई. "हाव म्हणते, शब्द मागं घेते" असं सांगून टाकलं असतं तर त्या दिवशी तो बहिणीच्या घरी जेवला असता. तीस वर्षं गावोगाव फिरून मले गोंडी चांगली समजते. दसरू म्हणाला, "तो म्हणते, मी हे म्हणलंच नव्हतं. दसरूनं आपल्या मनाचं सांगतलं असन, असं म्हणते." स्वतःचं नाव त्यानं स्वतः घेतलं. एक शब्द गाळला नाई.

कोलू म्हणाला, तर शब्द तुहाच झाला, दसरू. तूच मागं घे अन् पाणी पी. म्हाताऱ्यानं त्याच्यासाठी दार उघडून दिलं होतं. दसरू म्हणे, "शब्द माहा नव्हता, दादा. जो माहा नाई तो मी मागं कसा घेऊ?" हे त्याचं हेकटपण. तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करावं.

तवा कोलूनं विचारलं, त्या दिवशी मराठी समजणारा आणखी कोणी होता का गोटूलात? त्यानं उठून सांगावं. हाव, साहेब तसं बोलले होते, एवढं त्यानं म्हणलं, तरी मी जामीन सोडतो.

दसरूनं तेही मराठीत सांगतलं, पूर्ण. सांगताना माह्याकडे पाह्यलं नाई.

मी होतो. मी एकटाच होतो. अन् मी खाली पाहून मशीनची कळ फिरवत बसलो. आकिबले निवडणुकीचं सगळं काम साहेबाकडूनच भेटते, दुकानाची जागा नगरपंचायतीची, अन् आमच्यासारख्या घराले गावात वैर परवडत नाई. हे सगळं तवा माह्या डोस्क्यात आलं का? आलं. सगळं आलं. नाई आलं म्हणू तर अल्लाले काय तोंड दाखवू. मग बापूराव म्हणाले, चला, पुढचा विषय घ्या.

बुधरी चैतात गेली. शेवटचे तीन दिवस दसरू तिच्या खाटेजवळ होता. नाल्यावर जाऊन पाणी प्यायचा अन् परत येऊन बसायचा. द्यायले मनाई नव्हती, घ्यायलेच होती. म्हणून शेवटचं पाणी त्यानंच तिच्या तोंडात घातलं. दीपिका सांगत होती, ती पाणी घेत नव्हती. पहिले तू पी, म्हणून खुणावत होती.

माती देऊन झाल्यावर आठ दिवसांनी तो माह्या दुकानात आला. मले वाटलं, आता हा मले शिव्या देईन. त्याचीच वाट पाहत होतो मी, खरं म्हणजे. त्यानं खुर्ची ओढली अन् बसला. म्हणे, "जाहिदभाऊ, एक विचारू? त्यानं तवा तसंच म्हणलं होतं ना? मले आजकाल वाटते, मीच चुकलो का? एवढा मोठा माणूस बोलला, सगळ्यांनी ऐकलं, कोणीच काही बोललं नाई. माह्याच मनाचं तर नसन सांगतलं मी?"

मी म्हणलो, "नाई रे दसरू. तसंच म्हणलं होतं. मी ऐकलं. तू बराबर सांगतलं."

त्याचे डोळे भरून आले. मले म्हणे, "बरं झालं भाऊ, तुम्ही सांगतलं." दोन्ही हातांनी माहा हात धरून राह्यला, जसं काय मी त्याच्यावर उपकार केले. जरीनानं पाणी आणून दिलं, ते त्यानं घटाघटा पिऊन टाकलं अन् सायकल घेऊन निघून गेला.