फटफटीला वाघाचा पाय

माझ्या फटफटीला वाघाचा पाय होता. एकच होता, आणि तो मी हौसेनं करवून घेतला होता.

लढाई संपली आणि मी सैन्यातून कराडजवळच्या आमच्या गावी परतलो. (लढाईत मी आघाडीवर होतो. भटारखान्याच्या.) येताना लष्करानं मोडीत काढलेली एक हिरवी फटफटी घेऊन आलो. पेट्रोल रेशनवर मिळायचं, त्यामुळं ती धावायची कमी आणि उभी असायची जास्त. नेमकं उभं राहणंच तिला जमत नव्हतं! तिचा बाजूचा स्टँड म्हणजे नुसती लोखंडी कांब. पाणी पाजलेल्या उसाच्या कडेला गाडी लावली की कांब जमिनीत शिरायची आणि गाडी सावकाश आडवी व्हायची. एकदा ती आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जेवणाच्या बुट्टीवर झोपली. भाकरीवरची माती झटकत आबा म्हणाले, "तिला हुबं ऱ्हायला शिकीव, न्हाईतर दिवसभर तूच धरून हुबा ऱ्हा."

कांबेखाली एक चपटी पट्टी जोडली असती तरी भागलं असतं. पण मला शोभाही हवी होती. कराडात पितळेचं ओतकाम करणाऱ्या एका ओताऱ्याकडं चौरंगाचे पाय बघितले, वाघाच्या पंजाचे, आणि माझं ठरलं.

"आसाच एक पंजा करा. पर खऱ्या वाघाएवढा. आन् खालनंबी पंजाच पायजे. बोटं, गादी, समदं."

"खालनं कोन बघनार हाय?" ओतारी म्हणाला.

"मला ठावं आसंल की!"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लष्करात हुतासा व्हय?" एवढंच विचारून तो कामाला लागला.

पंजा बसवून आणला आणि चिंच लावून, राखेनं घासून लखलखीत केला. माझी बायको तारा दारातून बघत होती.

"आवं, देवाची भांडी काळी पडल्यात तिकडं."

"देव चिखलात हुबा ऱ्हातोय व्हय?" मी म्हणालो.

गावभर फिरून पंजा मिरवला. पण कुणाचं लक्षच जाईना! गाडी उभी केली की पंजा चिखलात रुतून बसायचा आणि वर दिसायची ती तीच जुनी कांब. मला फार वाईट वाटलं.

अशातच एका सकाळी शेजारचा ज्ञानू धापा टाकत आला.

"भाऊ, वाघ! तुमच्या उसाच्या कडंला पाऊल उमटलंय. ह्ये एवढं!"

"किती पावलं?"

"एकच."

"बाकीची रं?"

"उडी मारली आसंल!"

झालं, ऊसतोड थांबली. कोयता घेऊन उसात शिरायला कुणी तयार होईना. गुऱ्हाळाचं चुलाण विझलं. पक्का झालेला ऊस उभ्या उभ्या वाळायला लागला आणि आबांचं जेवण तुटलं. गावातले बाकीचे फौजी अजून पलटणीतच होते, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

मी तपास हाती घेतला. फटफटीवरून.

ठसा बिघडू नये म्हणून गाडी जरा लांब लावली आणि वाकून पाहिलं. भयंकर होता! शेजारून चाकाची रेघ गेली होती, पण ती माझ्याच गाडीची असल्यामुळं तिच्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, जिथं मी गाडी लावली होती, बरोबर तिथं नवा ठसा! ओढ्याकाठी जाऊन आलो, ओढ्याकाठी ठसा. लोकांना सावध करायला वस्त्यावस्त्यांवर हिंडलो, वस्तीवस्तीवर ठसा. जीव मुठीत धरून रहिमतपूरला बहिणीकडं गेलो, तर माझ्या पाठोपाठ तिचा निरोप आला, वाघ रहिमतपुरात!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाघ माझ्या मागावर होता!

ताराला विश्वासात घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यात खान्याजोगं काय बघितलं त्यानं?"

शेवटी आबांनी माझ्या सासऱ्यांना कडेगावहून बोलावून घेतलं. मामा तरुणपणी शिकार करायचे. येताना ठासणीची बंदूक घेऊनच आले. सगळे ठसे फिरून बघितले आणि मिशीवर हात ठेवून म्हणाले, "नर हाय. वयस्कर. आन् एकाच पायानं चालतोय."

"एकाच?" आबांनी विचारलं.

"लय बेरकी जनावर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हाका घालायचं ठरवायला गाव आमच्या अंगणात जमला. अंगण ताजं सारवलेलं होतं. (ओल्या सारवणावर गाडी लावली म्हणून तारानं मला पहाटेच फैलावर घेतलं होतं.) माणसांना बसायला जागा व्हावी म्हणून मी स्टँड वर केला, गाडी हातभर सरकवली आणि भिंतीला टेकवली.

मामांची नजर खाली गेली.

"कुनी हलू नगा! ताजं हाय. आत्ताचं!"

सगळ्यांनी खाली बघितलं. ओल्या सारवणात चार बोटं आणि गादी, जशीच्या तशी. पुढच्या क्षणी अंगण रिकामं! ज्ञानू गोठ्यात, मामा बंदुकीसकट माजघरात, आणि मी कडब्याच्या गंजीवर. (तिथं शिडी लावूनसुद्धा चढता येत नाही असा माझा समज होता.) उरले फक्त आबा. त्यांना गुडघ्यामुळं उठता येत नव्हतं.

आणि तारा. तिनं ठसा बघितला. गाडी बघितली. स्टँड पायानं खाली ओढला आणि गाडी अलगद त्याच्यावर कलती केली. मग गाडी उचलून पुन्हा भिंतीला लावली. सारवणात दुसरा ठसा उमटला होता.

"ह्यो घ्या," ती म्हणाली. "आता जोडी झाली."

मग आबांनी मान वर केली.

"उतर खाली, वाघा."

मामा माजघरातून बाहेर आले, वाकले, पंजा निरखला. "मी म्हनलं हुतं का न्हाई," ते म्हणाले, "एकाच पायाचा हाय म्हनून!"

त्याच दिवशी ऊसतोड सुरू झाली. आबा पोटभर जेवले आणि हातात कोयता देऊन मलाही उसात घातलं. हंगाम संपल्यावर मी कराडला जाऊन पंजा काढला आणि सपाट पट्टी बसवून घेतली.

"मग?" ओताऱ्यानं विचारलं. "खालनं बघितलं का कुनी?"

"समद्या तालुक्यानं," मी म्हणालो.

पुढं दोनेक वर्षांनी खरा बिबट्या आला आणि ज्ञानूची शेळी उचलून घेऊन गेला. ओढ्याच्या वाळूत पावलांची सरळ रांगच होती. मी ती बघितली आणि पळत येऊन चावडीपुढं बोंब ठोकली. पारावरचं एकही माणूस जागचं हललं नाही. ज्ञानू तेवढा माझ्याबरोबर आला. त्यानं ठसे नीट बघितले, ओढ्यापासून उसापर्यंत.

"भाऊ, ह्या बारीला चारी पाय बसिवलं व्हय?"

"गड्या, आईशप्पत, खरा हाय!"

"आसूद्या की. पर माझी शेळी कवा आनून देताय?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गोठ्यातली शेळी सोडली आणि त्याच्या दारात नेऊन बांधली. फटफटी घरीच ठेवली.