जमिनीला न टेकणारं नख

आमची म्हातारी कुत्री, भुरी, पुढचा पाय सारखा चाटायची आणि मी तिला रागवायचे. "पुरे आता," म्हटलं की ती थांबायची, कोपऱ्यात जाऊन बसायची. मला ती खोड वाटायची.

तीन आठवड्यांनी ती लंगडायला लागली, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पायाच्या आतल्या बाजूचे केस सारले. पंजाच्या थोडं वर कुत्र्याला अंगठ्यासारखं एक नख असतं. भुरीचं ते नख गोल वळून मांसात रुतलं होतं.

"बाकीची नखं चालताना झिजतात," त्या म्हणाल्या. "हे जमिनीला टेकत नाही, म्हणून आपणच कापायचं असतं. कधीपासून आहे हे?"

"कालच लक्षात आलं," मी म्हणाले.

भुरीनं माझ्या हातावर हनुवटी टेकवली होती. जे दुखणं आपल्याला दुखत नाही, त्याला आपण किती सहज खोड म्हणतो. शेवटच्या वर्षी आई उठता-बसता कण्हायची, त्यालाही मी सवयच म्हणत होते.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. तीन आठवडे झाले."

"कळलं होतं मला. नख एका दिवसात एवढं आत जात नाही," त्या शांतपणे म्हणाल्या आणि नखं कापायचं हत्यार उचललं. "धरा तिला."

मी धरलं. नख निघताना भुरी एकदाच कण्हली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आपणहून गप्प झाली.