आपलं गाव असं कुठं दिसते?

माझी थोरली बहीण गिरजा. आम्ही तिला बाई म्हणतो. यवतमाळच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, तिनं डोक्यावर कापूस वाहिला म्हणून मी बी.ए. झालो. आमच्या घरात त्याआधी कोणी मॅट्रिकही नव्हतं. पुढे लग्न होऊन ती अकोल्याला गेली. जाताना म्हणाली, "सुदाम, तू या गावात राहू नोको. काय ठेवलं हाय इथं?"

म्हणून लिमये साहेबांनी मुंबईचं नाव काढलं तेव्हा मला आधी तीच आठवली.

विदर्भ मुंबई राज्यात गेल्यानंतरची ही गोष्ट. मी यवतमाळच्या प्रसिद्धी कार्यालयात असिस्टंट होतो. आमच्याकडे एक व्हॅन, तीत प्रोजेक्टर, जनरेटर आणि ऑपरेटर करीमभाई. गावोगाव पडदा बांधून माहितीपट दाखवायचे, हे काम. आदल्या हंगामात मुंबईचं युनिट यवतमाळवर फिल्म काढून गेलं होतं. तिची रश प्रिंट आली. रश प्रिंट म्हणजे नुसती चित्रं. आवाज नंतर भरतात.

लिमये साहेब आमचे अधिकारी, पुण्याचे. ते म्हणाले, "शनिवारी लोकांना हीच दाखवू. कॉमेंट्री तुम्ही लिहा आणि माइकवर वाचा. मुंबईच्या युनिटला लिहिणारा माणूस हवाय. जमलं, तर मी तुमची शिफारस करतो."

मी शब्दकोश घेऊन बसलो. जिनाचं 'कार्पास-शुद्धीगृह' केलं. आमच्या छोट्या रेल्वेचा 'अरुंद लोहमार्गावरील अग्निरथ' केला. मुंबईला पटेल असं लिहायचं होतं.

शनिवारी अंधार पडता पडता मैदान भरलं. करीमभाईंनी मशीन सुरू केली. पडद्यावर टेकडीवरून दिसणारं गाव आलं. कौलांवर सकाळचं ऊन, मध्ये झाडी, लांबवर पांढरी शेतं. मी वाचू लागलो, "निसर्गरम्य परिसरात वसलेली ही नगरी..."

पुढच्या रांगेतून आवाज आला, "हे कोनतं गाव व्हय, भाऊ?"

"जळगाव असंन."

"यवतमाळ म्हनत होते ना?"

"येडा हायेस काय? आपलं गाव असं कुठं दिसते?"

लोक हसले. मी आवाज चढवून कार्पास-शुद्धीगृहाचं वाक्य वाचलं. मागचे काहीजण उठून धोतर झटकू लागले. साहेब माझ्याकडे बघत होते. मुंबई हातची चालली, हे मला दिसत होतं.

करीमभाई कानाशी लागले. "सुदामभाऊ, पब्लिक उठ रही है. ये कौन सी भाषा लाए हो?"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "अवो, हे तं आपलं जिन व्हय! ते पाह्य, तुळसामाय!"

"कुठं व माय?"

"ते काय, ढिगावर. तोंडात तंबाखू हाय पाह्य!"

पडद्यावर कापसाचा डोंगर होता आणि त्यावरून टोपल्या घेऊन बाया उतरत होत्या. आमची बाई तिथेच काम करायची. मी रोज तिचा डबा घेऊन त्या फाटकाशी उभा राहायचो. तेव्हा मला फक्त नाकातोंडात जाणारी धूळ दिसायची. कॅमेऱ्यानं त्याच धुळीत ऊन पकडलं होतं.

मी कागद खिशात घातला आणि माइकमध्ये म्हणालो, "बरोबर ओळखलं, मावशी. आपलंच जिन व्हय. अन् हे मागं दिसते ते कपाशीबिपाशी नाही, आपली पऱ्हाटी व्हय."

उठलेले खाली बसले. मग मला फारसं बोलावंच लागलं नाही. लोकच सांगत होते. कोणाचा बैल, कोणाचं दुकान, कोणाची सायकल. शेवटी वळणावरून धूर सोडत छोटी रेल्वे आली. मी तिच्यात कितीदा बसलो होतो, पण बाहेर उभं राहून कधी पाहिली नव्हती.

"आली पाहा आपली गाडी," मी म्हणालो. "घाई नाही तिले. पन येते."

लोकांनी फिल्म पुन्हा लावायला लावली.

साहेब म्हणाले, "कागदावरचं का नाही वाचलंत?"

"साहेब, ते जळगावचं झालं होतं."

ते मोठ्यानं हसले. "शिफारस आजच करतो."

"कॉमेंट्री भरून येतो, साहेब. पण नोकरी इथंच राहू द्या."

"अहो, यवतमाळला बदली झाली की लोक रडतात!"

"मीही रडलो असतो, साहेब. कालपर्यंत."

मुंबईला जाऊन कॉमेंट्री भरून आलो. तिथल्या साहेबांनी माझ्या नव्या कॉमेंट्रीतलं 'पऱ्हाटी' खोडून 'कपाशी' केलं होतं. मी पऱ्हाटीच वाचलं. स्टुडिओची वेळ संपली होती, म्हणून ते तसंच राहिलं. या धंद्यात मी एवढंच शिकलो, की पडद्यावरच्या वस्तूला तिच्या घरच्या नावानं हाक मारावी. मग ती वळून बघते.

आल्यावर बाईला पत्र टाकलं. तिला वाचता येत नाही, भाऊजी वाचून दाखवतात. म्हणून ती बोलते तसंच लिहिलं:

"बाई, मी मुंबईले जाऊन आलो अन् वापस आलो. रागावू नोको. तू म्हनत होती, या गावात काय ठेवलं हाय. मले आता दिसलं. सांगता येत नाही, दाखवता येते. होळीले ये. मूर्तिजापूरले गाडी बदल अन् आपल्या छोट्या गाडीत खिडकीपाशी बस. करीमभाईले सांगून ठेवलं हाय, तुह्यासाठी अंगनात पडदा बांधतो. तुळसामायबी येनार हाय. तुहा सुदाम."