रज्जाकभाईंचे दोन सेकंद

रज्जाकभाई लॅबमध्ये शिरताना दारातच थांबायचे. आमच्याकडे बघून म्हणायचे, "बोला, काही नवीन?" आणि दोन सेकंद गप्प उभे राहायचे. तेवढ्यात कोणी काही सांगितलं तर ऐकायचे. नाही तर "चला मग, जुनं चालू," असं म्हणून कालचं अर्धवट सोल्डरिंग पुढे ओढायचे. तिसऱ्या सेकंदाला तुम्ही लॅबला आग लागल्याचं सांगितलं असतं, तरी ते हातातला सांधा पुरा करूनच उठले असते.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. उमरीहून रोज रेल्वेनं यायचे. मी शिरूर अनंतपाळची, नुकतीच तासिका तत्त्वावर लागलेली, म्हणजे नोकरी वर्षावर्षाची. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना या सवयीबद्दल विचारलं. मुलं प्रयोगात दिवे आणि छोट्या मोटारी चालवायला वापरतात तो तळहाताएवढा निळा बोर्ड त्यांनी उचलला आणि त्यातल्या काळ्या चिपवर नख टेकवलं.

"मॅडम, हिच्यात सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम ऱ्हातो. बूटलोडर. करंट आला की हा पहिला उठतो अन् जरासं ऐकतो, कॉम्प्युटर काही नवीन सांगून राहिला का. सांगितलं तर घेतो. न्हाई तर जुनं चालू. माणसानं बी असंच ऱ्हावं. दिवसभर ऐकत बसलं तर काम कधी करायचं? अन् ऐकलंच न्हाई तर शिकायचं कधी?"

बूटलोडरवर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. त्यात हे कुठेच नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक विभाग आपापल्या अवजारांची पूजा करतो. वर्कशॉपवाले लेथला हार घालतात, सिव्हिलवाले सर्व्हेच्या दुर्बिणीला कुंकू लावतात. त्या वर्षी रज्जाकभाई रजेवर होते आणि लॅबची पूजा माझ्याकडे आली. माझ्या अंगात उत्साह संचारला. मी तीस बोर्ड टेबलावर कमळासारखे मांडले, सगळ्यांना वीज जोडली, दिवे लुकलुकत ठेवले. एकेका चिपला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तिभावानं सगळ्या कमळावर शिंपडलं. दिवे एकेक करून विझत गेले. मला वाटलं, देवीला पूजा पावली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बोर्ड नाहीत तर परीक्षा नाही, आणि परीक्षा बुडवणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी तासिका नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. रज्जाकभाई रजेवरून आले, दारात थांबले. "बोला, काही नवीन?"

"मी बोर्डांवर नारळाचं पाणी शिंपडलं," मी रडत म्हणाले.

त्यांनी एक बोर्ड उचलून हुंगला. "खोबऱ्याचा वास येऊन राहिला. चटणी करायची होती का, मॅडम?"

मग ते कामाला लागले. दात घासायचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन त्यांनी तीसही बोर्डांना अंघोळ घातली. बारा शुद्धीवर आले. अठरांच्या चिपा गेल्या होत्या. बाजारातून त्यांनी नव्या चिपा आणल्या, पण त्या कोऱ्या. कोऱ्या चिपमध्ये बूटलोडरच नसतो, त्यामुळे कॉम्प्युटरनं कितीही हाका मारल्या तरी आत ऐकणारं कोणी नाही. अशा वेळी एक शिकलेला बोर्ड सहा तारांनी कोऱ्याला जोडायचा आणि त्याच्याकरवी बूटलोडर आत घालायचा. मी पुस्तकात बघून तारा जोडल्या. कॉम्प्युटरनं चूक दाखवली. पुन्हा केलं. पुन्हा चूक.

रज्जाकभाईंनी शर्टाच्या खिशातून हरभऱ्याएवढा एक कपॅसिटर काढला आणि शिकलेल्या बोर्डाच्या दोन भोकांत खोचला. "कॉम्प्युटरनं हाक मारली की हा शिकवणाराच पुन्हा नव्यानं सुरू होऊन राहिला. ह्याला वाटतं, हाक आपल्यालाच हाय. हे लावलं की गप ऱ्हातो. शिकवणाऱ्याला आधी गप ऱ्हाता आलं पाहिजे, मॅडम."

पुढच्या खेपेला बूटलोडर आत गेला. नवा दिवा लुकलुकला की रज्जाकभाई चिपवर टिचकी मारून म्हणायचे, "उठा, राजे." असे अठरा राजे त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत उठवले. परीक्षा बिनघोर पार पडली. परीक्षक जाताना एवढंच म्हणाले, की तुमच्या लॅबला मोदकाचा वास फार छान येतो.

पण अठरा चिपा गेल्या कशा, हा प्रश्न प्राचार्यांपर्यंत पोचलाच. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत रज्जाकभाई म्हणाले, "साहेब, पूजा मी केली."

प्राचार्यांनी त्यांच्या टोपीकडे बघितलं, दाढीकडे बघितलं. "तुम्ही? नारळ फोडलात?"

"हाव साहेब. पाच फोडणार होतो, एकच भेटला."

खरं काय ते प्राचार्यांना कळत नव्हतं असं नाही, पण रज्जाकभाईंनी तसं लेखीही दिलं. 'विद्युत उपकरणांवर धार्मिक द्रव शिंपडल्याबद्दल' रज्जाकभाईंना मेमो मिळाला. निवृत्तीला सहा महिने असताना, कोऱ्या सर्व्हिस बुकावर पहिला डाग. आणि मी फरशीकडे बघत उभी होते. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात त्यांचा निरोपसमारंभ झाला. माझ्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचा आदेश तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. भाषणं झाली, शाल झाली. रज्जाकभाई उत्तराला उठले, माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बोला, काही नवीन?"

सगळे हसले. मला मात्र ते दोन सेकंद दिसले. मी उभी राहिले. "सर, पूजा मी केली होती."

प्राचार्य खुर्चीतून उठले. "म्हणजे मेमो चुकीचा! आजच रद्द करतो."

रज्जाकभाईंचा चेहरा पडला. "न्हाई साहेब, ते नका करू. लई हौसेनं फ्रेम केलाय. उमरीत लोक बघायला येऊन राहिले."

मेमो राहिला. माझा आदेशही निघाला. खाली प्राचार्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पूजेचे काम वगळून.'

गेटपाशी रज्जाकभाईंनी खिशातला तो कपॅसिटर माझ्या हातावर ठेवला. "शिकवताना लावत जा," म्हणाले, आणि स्टेशनकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. त्यांचे दोन सेकंद संपले होते.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गाच्या दारात थांबले. पर्समध्ये कपॅसिटर होता. म्हणाले, "बोला, काही नवीन?" आणि गप्प राहिले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी चाचरत उठली.

"मॅडम, कालचं कायबी समजलं न्हाई."

बहुतेक गेल्या वर्षीही कोणीतरी हे म्हणत असणार. मला ते ऐकू आलं नव्हतं.