सुंदराबाईचं डिझेल

तेलाच्या बाबतीत सुंदराबाईचा कान मोठा तिखट. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात खूबचंद शेठचा फरसाणचा कारखाना होता, तिथं ती आधी भांडी घासायला लागली. एकदा आचारी तापानं आडवा झाला आणि शेठनं नाइलाजानं झारा तिच्या हातात दिला. त्या दिवशीची शेव अशी खुसखुशीत उतरली, की झारा परत मागायचं शेठच्या मनातही आलं नाही. कढईवर बाई म्हणजे तेव्हा नवलच. ‘हिच्या हातचं लोक खातील का?’ असंही एकदोघांनी शेठला विचारून पाहिलं. लोक खात होतेच.

तळून तळून काळं झालेलं तेल कारखान्यामागच्या पिंपात ओतलं जाई. तिथून ते कुठं जातं, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. मुलीला, शालनला, ती शाळेतून आणायला गेली होती. फाटकाशी भजीच्या गाडीला पोरींचा गराडा. शालननं हट्ट केला म्हणून तिनं एक पुडी घेतली, भजं तोंडात टाकलं आणि तिथंच थुंकलं. हिंग, बडीशेप आणि खाली उरणारी ती कडवट जळकी चव. तिच्याच कढईची, चार दिवस कचोऱ्या तळलेल्या तेलाची. शालनच्या हातातली पुडी तिनं काढून घेतली. पण बाकीच्या पोरी खातच होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं शेठला गाडीवाल्याच्या तेलाबद्दल विचारलं. “तेल गया तो गया, सुंदरा. तेरेको क्या?” शेठ म्हणाला. “फेकून देऊ काय गटारात?”

तेही खरंच होतं. गटारात तरी कसं टाकायचं?

दर शनिवारी पद्मजा नावाची एक बाई शेव न्यायला यायची. बदलापूरला कात्रपला राहायची आणि अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती; साडीला कंपनीचा बिल्ला टाचलेला असायचा. त्या शनिवारी सुंदराबाई कढई सोडून गल्ल्याशी आली.

“ताई, जळकं तेल माणसाच्या पोटात न घालता कशाला लागतं हो?”

पद्मजानं हातातली पिशवी गल्ल्यावर ठेवली. “साबणाला लागतं,” ती म्हणाली. “आणि मी एका मासिकात वाचलं होतं, त्याचं डिझेल करता येतं म्हणून. केलेलं मात्र कुणी पाहिलं नाही.”

“मग आपण करून बघू की.”

पद्मजा हसली, पण पुढच्या शनिवारी आली ती कागदावर सगळी कृती लिहूनच. तेलात कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल नावाचं स्पिरिट घोटायचं; ते स्पिरिट विषारी आणि आग धरणारं, तेव्हा घरात काही करायचं नाही, असं तिनं बजावलं. बदलापूरजवळ बेलवलीला बुधाजी म्हणून तिचा भाजीवाला होता. नदीकाठी त्याचा भेंडीचा मळा, मळ्यात पाणी ओढायला डिझेलचं जुनं इंजिन. तिथंच उघड्यावर रविवारी जमायचं ठरलं.

पहिल्या रविवारी मिश्रण घोटलं आणि बघता बघता त्याचं दही लागलं. दुसऱ्या रविवारी तेच. बुधाजी काठीनं तो गोळा ढवळत म्हणाला, “बायांनो, यानं बैल धुवाचं का इंजन चालवाचं?”

पद्मजा रडकुंडीला आली. “कॉस्टिक काट्यावर तोललंय मी. चुकतंय कुठं?”

सुंदराबाईनं पळीभर तेल घेतलं, चुलीवर धरलं आणि कान दिला. तड, तड, तड.

“ताई, यात पाणी आहे. आमच्याकडं कढई धुतलेलं पाणीपण त्याच पिंपात ओततात.”

तेलात पाणी असलं की डिझेलऐवजी साबण होतो, हे पद्मजाला पाठ होतं. पण पाणी आहे हे ऐकू येतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग सुंदराबाईनं तेल जाड धोतरातून गाळलं आणि तडतड पार थांबेपर्यंत तापवलं. चूल विझवली, तेल कोमट होऊ दिलं. वास घेऊन म्हणाली, “हे फार जळलेलं आहे, याला खार, तुमचं ते कॉस्टिक, जास्त लागंल.” पद्मजानं बाटलीत थोड्या तेलात खार थेंब थेंब टाकून तपासलं, तर खरंच जास्त लागत होता. मिश्रण पुन्हा घोटलं, आणि दुपारपर्यंत पिंपात दोन थर दिसू लागले. खाली काळा चिकट गाळ, वर मधाच्या रंगाचं पातळ तेल. वरचं तेल त्यांनी पाण्यानं धुतलं आणि उन्हात ठेवून त्यातलं पाणी उडवलं.

“माझा इंजन बिघरला तं भेंडीला पानी कोन घालील?” बुधाजीनं विचारलं.

“मी घालीन. हंड्यानं,” सुंदराबाई म्हणाली.

इंजिन चालू झालं. अर्धा तास नीट पळालं, खोकललं आणि बंद पडलं. बुधाजीनं शिव्या देत फिल्टर उघडला, तर आत वर्षानुवर्षांचा डिझेलचा चिखल. नव्या तेलानं टाकी आतून खरवडून काढली होती. फिल्टर धुऊन लावला. मग इंजिन दिवेलागणीपर्यंत थांबलं नाही. पाटातून पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं आणि सुंदराबाई पाय सोडून बांधावर बसली. एवढं हसताना तिला पद्मजानं कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी ती शेठसमोर उभी राहिली. “शेठ, जळकं तेल आता मला द्यायचं. गाडीवाल्याला दिलंत तर उद्यापासून कढईवर दुसरं माणूस बघा.”

“धमकी देतेस?”

“नाही शेठ, सांगते.”

शेठनं कपाळाला हात लावला. पण सणासुदीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या, आणि सुंदराबाईसारखा हात कॅम्पात दुसरा नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तेल तिला मिळू लागलं. वर्षभरानं, लाइट सारखे जायला लागले तेव्हा, शेठनंच विचारलं, “वो तेरा डिझेल अपने जनरेटर को चलेगा क्या?” चाललं. पुढं कॅम्पातल्या दोन हॉटेलांनीही आपली पिंपं तिच्याकडे धाडली. भजीच्या गाडीवाल्यानं तेल दुसरीकडून मिळवलं, ते तिला थांबवता आलं नाही. त्याची खंत ती बोलून दाखवायची.

शहाण्णव साली पद्मजाची बदली गुजरातेत झाली. निघताना तिनं आपला तोलायचा काटा सुंदराबाईला दिला आणि विचारलं, “एकटीनं करायला भीती नाही ना वाटत?”

“वाटते की. म्हणून तर वाऱ्याकडं पाठ करून उभी राहते, वाफ नाकात जात नाही.”

पुढच्या रविवारी ती एकटीच बेलवलीला गेली. बुधाजीनं चूल पेटवून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत चाळीस लिटर डिझेल उतरलं.