माहेरच्या नावाने आलेली वहिनी

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

मी समुपदेशक आहे. अंधेरीला आमचं छोटंसं केंद्र आहे, फौजेतल्या माणसांच्या बायकामुलांसाठी. नवरा सुट्टीवर येतो, घरात गोडधोड होतं, शेजारी भेटून जातात — आणि मग दार लागल्यावर काय होतं, ते सांगायला बायका आमच्याकडे येतात. सीमेवर सोसलं म्हणून घरी हात उचलायची मुभा मिळत नाही, हे मी त्यांना अगदी ठामपणे सांगते.

माझा दादा फौजेत हवालदार होता. आणि वहिनी — तिच्याबद्दल कुठून सुरू करू? ती लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. तिने मला साडी नेसायला शिकवली, केसांना तेल लावता लावता माझी सगळी गुपितं काढून घेतली, आणि त्यातलं एकही आईच्या कानावर जाऊ दिलं नाही. माझी आमटी चाखून म्हणायची, "मीठ खंय बघून घातलंस गो?" अजूनही आमटी ढवळताना मला हसू येतं. मग रडू येतं.

त्या मे महिन्यात दादा सुट्टीवर आला होता. केंद्रात बाहेर बसणारी मुलगी आत येऊन म्हणाली, "मॅडम, परब म्हणून आल्यात. तुम्हीच हव्यात म्हणतायत." मी बाहेर आले. बाकावर वहिनी. मुलुंडहून एकटी आलेली. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. परब हे तिचं माहेरचं आडनाव.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं — निदान याबाबतीत तरी खोटं बोलणार नाही. माझं कामच ते. नणंदेशी बोलायचं असतं तर ती माझ्या घरी आली नसती का?

आणि मी काय केलं? "अगं वहिनी, तू! चल, चहा घेऊ," असं मोठ्याने म्हणाले. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मदत मागायला आलेल्या बाईची मी पाहुणी करून टाकली. "माका चाय नको गो," ती हळूच म्हणाली. तरी मी तिला हाताला धरून खाली टपरीवर नेलंच.

नात्यातल्या माणसाचं समुपदेशन करायचं नसतं, असा आमच्यात नियम आहे. पण शेजारच्या खोलीत माझी सहकारी बसली होती ना? तिच्याकडे पाठवलं असतं, तर तिला दादाबद्दल कळलं असतं. माझ्या दादाबद्दल — ज्याचा गणवेशातला फोटो माझ्या टेबलावर होता.

चहा होईपर्यंत मीच बोलत राहिले. ती एकदाच म्हणाली, "मीना, ह्यांचं हल्ली..." आणि मी म्हणाले, "दादा तिकडे किती सोसतो गं. सुट्टीपुरतं सांभाळून घे." तिने कप अर्धाच ठेवला. मी तिला रिक्षात बसवून दिलं.

त्याच सुट्टीत तिचा हात मोडला. बाथरूममध्ये घसरली, असं दादा म्हणाला. मी मान डोलावली. वहिनी माझ्याकडे बघत होती.

तो ड्युटीवर परत गेला आणि ती लेकीला घेऊन कुडाळला माहेरी गेली, कायमची. नंबरही बदलला. सून घमेंडखोर निघाली, असं आई अजून म्हणते — आणि मी ऐकून घेते. दादा आता निवृत्त होऊन मुलुंडला एकटा असतो. रविवारी मी त्याला डबा नेऊन देते. तो फोटो मी कधीचाच ड्रॉवरमध्ये टाकलाय.

मला ती हवी आहे. माझ्या डोक्यावर तिचा तेलकट हात हवा आहे, माझ्या आमटीला तिने नावं ठेवायला हवी आहेत. अजूनही कुणी परब आल्यात म्हटलं की मी धावत बाहेर येते. दुसरीच कोणी असते. मी तिला आत घेते, दार लावते, ऐकते.

वहिनीने तर माहेरचं आडनाव लावून, आमचं नातं कुणाला कळू न देता, मला किती सोपं करून दिलं होतं. मी तिला चहा पाजला.