सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी

आमच्या बाथरूमबाहेर, टॉवेलच्या खुंटीशेजारी, भिंतीवर एक पांढरी डबी बसवलेली आहे. तिच्यावर एक बटण, एक लाल दिवा आणि गीझरमधलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा आकडा. घोडबंदर रोडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा गीझर होताच. पुढे त्याचा आतला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की गीझर बंद करणारा भाग, कामातून गेला. पाणी नुसतं उकळत राहायचं. एकदा सासूबाईंनी नळ सोडला तर भसकन वाफ आली आणि त्यांच्या मनगटावर टम्म फोड उठला. नवऱ्याने लगेच ही डबी मागवली. वायफायवर चालणारा थर्मोस्टॅट.

"आता तू ऑफिसात बसून आईचं पाणी तापवू शकशील," तो मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. त्याला अशा वस्तूंची फार हौस.

इलेक्ट्रिशियन आला, पण बाथरूमपर्यंत वायफाय पोचेना. शेवटी राउटर हॉलमधून काढून पॅसेजमध्ये, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवला.

"देवाच्या डोक्यावर हे काय रे बसवलंस?" सासूबाई म्हणाल्या.

"अगं आई, हा पण सगळीकडे असतो, फक्त दिसत नाही."

"मेल्या, जीभ बघ कशी चालते!" म्हणत त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. आम्ही तिघंही हसलो. त्या डबीच्या बाबतीत तिघं मिळून हसलो ते तेवढंच.

ॲप आम्हा दोघांच्या फोनवर होतं. नवऱ्याने चार दिवस मित्रांना दाखवून हौस भागवली, सूचना बंद केल्या आणि विसरून गेला. सासूबाईंना त्याने एवढंच शिकवलं की बटण दाबायचं, दिवा लागतो, आकडा चाळिसाच्या वर गेला की आंघोळीला जायचं, बंद तो आपोआप होतो. फोनचं त्यांना काही सांगितलं नाही. "उगाच घाबरेल," तो म्हणाला. मीही मान हलवली.

सकाळी आधी नवरा, मग मी, अशा आंघोळी उरकून आम्ही निघायचो. घर रिकामं झालं की सासूबाई आंघोळ करून पूजेला बसायच्या. हा क्रम मी लावलेला. ऑफिसला जाणाऱ्यांचं आधी, यात कुणाला वावगं दिसलं नाही. मला मात्र तो क्रम लावताना बरं वाटलं होतं, हे आता लिहून टाकते.

माझं ऑफिस माजिवड्याला. एका सकाळी, त्यांची आंघोळ एरवी उरकलेली असते अशा वेळी, फोनवर सूचना आली, गीझर चालू झाला. सासूबाईंकडून बटण चुकून दाबलं गेलं असणार असं वाटून मी तो बंद केला. चुकून नव्हतं. भजनी मंडळातल्या एका बाईंशी फोनवर बोलत बसल्यामुळे त्यांना आंघोळीला उशीर झाला होता. संध्याकाळी गवार मोडता मोडता म्हणाल्या, "आज पाणी गारच लागलं गं. बटण दाबलं होतं की नव्हतं, कोण जाणे."

आई, मीच बंद केला, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. कारण एवढंच, की त्या 'कोण जाणे' म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. त्यांना सगळं ठाऊक असायचं. डाळीत मीठ किती, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, आणि माझं कुठे चुकलं.

इथे डोंबिवलीचं सांगायला हवं. लग्न होऊन मी चाळीतल्या दोन खोल्यांत आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, आणि स्टोव्हवर पातेल्यात तापलेलं पाणी. आधी सासरे, मग नवरा, मग सासूबाई. माझी पाळी येईपर्यंत पातेल्याच्या तळाशी कोमट राहिलेलं असायचं. "बायकांना कोमटच बरं," त्या म्हणायच्या. ते मी सोसलं. सगळ्याच सोसत होत्या.

पण लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं पाचव्या महिन्यात पोट पडलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा थंडीचे दिवस होते, माझे दात वाजत होते. समोरच्या खोलीतल्या मावशी मोठं पातेलं घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरीला दोन दिवस कढत पाण्याने न्हाऊ घाला हो, अंग ठेचल्यासारखं होतं." सासूबाईंनी पातेलं परत दिलं. म्हणाल्या, "बाळंतीण असती तर घातलं असतंच की. हिचं काय न्हाऊ घालायचं?"

आणि मी मोरीत बसून नळाच्या पाण्याने आंघोळ केली. पुढे मला मूल झालं नाही. त्याचा त्या पाण्याशी काही संबंध नाही, मला कळतं. पण एक इच्छा मी मनात धरून होते. कधीतरी, म्हातारपणी का होईना, सासूबाईंनी आपणहून म्हणावं की तेव्हा चुकलं माझं. मी वाट बघत राहिले. त्या विषय काढत नव्हत्या, मीही काढत नव्हते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. दुसऱ्यांदा मी गीझर बंद केला तेव्हा माझ्या डोक्यात डोंबिवली वगैरे काही नव्हतं. मी चहा पीत होते आणि फोनवर आकडा चढताना बघत होते. एकोणतीस, एकतीस, चौतीस. चौतिसाला मी बंद केलं. बोटाने, बिस्कीट खाता खाता.

पुढे सवय लागली. रोज नाही, रोज केलं असतं तर डबी बिघडली म्हणून कुणीतरी दुरुस्त करायला बोलावलं असतं. सलग दोन दिवस पाणी छान तापू द्यायचं, तिसऱ्या दिवशी मधेच तोडायचं. त्या पूजेला बसल्या असतील अशा अंदाजाने पुन्हा चालू करायचं, आणि आम्ही घरी पोचायच्या वेळेला तर हमखास. नवरा हात धुवायला गेला की ओरडायचा, "आई, गीझर परत चालू ठेवलास!"

"मी? अरे, मी दाबलं तेव्हा दिवा लागला, मग डोळ्यांसमोर विझला. मी गार पाण्याने आंघोळ केली आज."

"मग हे पाणी भुताने तापवलं काय?"

त्या माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, "जाऊ दे ना, होतं असं. वय झालंय त्यांचं." आवाज मऊ ठेवून. नवऱ्याला माझा हा मऊपणा फार आवडायचा. एका रविवारी त्याने स्वतः गीझर लावून पाहिला. पाणी मस्त तापलं, आपोआप बंदही झालं. "डबीला काही झालेलं नाहीये," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य बोलला नाही. सासूबाईंना ते ऐकू आलं.

सासूबाईंचं पाठांतर हा सोसायटीत कौतुकाचा विषय होता. खालच्या हॉलमध्ये भजनाचं मंडळ जमायचं, बाकीच्या बायका वही उघडून किंवा फोन बघून म्हणायच्या. सासूबाई डोळे मिटून. एखादीचं कडवं चुकलं तर डोळे न उघडता टाळाचा एक ठोका द्यायच्या, की ती गप्प. गीझरचं सुरू झाल्यावर त्या पिशवीत पुस्तक घेऊन जायला लागल्या. एका गुरुवारी मी त्यांना आणायला खाली गेले होते. मधेच त्यांचा सूर थांबला. पान शोधायला लागल्या. शेजारची म्हणाली, "काय आजी, आज नेटवर्क गेलं वाटतं?" सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "ओळ होती गं माझ्याजवळ. पण तीच की दुसरी, असं वाटलं."

तेव्हा थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. उलट माझ्याकडे असलेलं सगळ्यात वाईट मी त्यानंतर वापरलं.

सासूबाईंची थोरली बहीण, ताई, गावी म्हातारपणी भ्रमिष्ट झाली होती. घरातून निघून जायची, म्हणून तिला लुगड्याने खाटेच्या पायाला बांधून ठेवायचे. पोरं खिडकीतून खडे मारायची. सासूबाई तिला शेवटचं भेटल्या तेव्हा तिने त्यांना ओळखलं नाही, 'भाकर दे' म्हणून हात पुढे केला. हे त्यांनी मला एका दुपारी सांगितलं होतं, वीज गेली होती, आम्ही मटार सोलत होतो. "देवाने काही पण द्यावं, पण माझं तसं नको," म्हणाल्या होत्या. मुलालाही सांगितलं नव्हतं ते.

जेवताना नवरा पुन्हा गीझरवरून बोलला. सासूबाई चिडल्या, ताटावरून हात उचलला. "मला येडी समजतोस काय रे? मी बटण दाबलं होतं!"

मी त्यांच्या ताटात भात वाढत होते. वाढता वाढता म्हटलं, "आई, ताईंचं पण असंच छोट्या छोट्या गोष्टींवरून सुरू झालं होतं ना?"

भात तसाच राहिला. नवऱ्याने विचारलं, कोण ताई? सासूबाई उठून हात धुवायला गेल्या, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्यानंतर गोष्टी आपोआप झाल्या, मला काही करावं लागलं नाही. गॅस पेटवू नको, असं मुलाने सांगितलं. त्यांनी ऐकलं. दुपारचा चहा मी थर्मासमध्ये ठेवून जायला लागले. घराची किल्ली त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिली. एकदा कुलूप लावलं की नाही ते बघायला त्या लिफ्टमधून तीन वेळा वर आल्या होत्या, तेव्हा. मंडळात जाणं बंद झालं. मी पुढाकार घेऊन त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मीच.

डॉक्टर तरुण होते, प्रेमाने बोलत होते. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. सासूबाई धडाधड गेल्या, माझ्या आधी. तारीख, वार, सगळं बरोबर. मग त्यांनी साधंच विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंत, आजी?"

सासूबाईंनी तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"पोहे होते ना गं?"

पोहेच होते.

"तुम्हाला आठवतंय ना? मग त्यांना का विचारता?" डॉक्टर हसून म्हणाले.

"हिला नक्की माहीत असतं," त्या म्हणाल्या. "माझं काही खरं नाही."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वयाच्या मानाने स्मरण चांगलं आहे, पण त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेलाय. घरात काही ताणतणाव? मी म्हटलं, "नाही हो. आम्ही तिघंच तर आहोत."

त्या दिवसापासून मी गीझर बंद करणं सोडलं. पण त्या आता बटणाला हात लावेनात. नवऱ्याने शेवटी त्यांना फोनचं सांगितलं. "आई, तू दाबूच नको काही. हिला फोन कर, ही तिकडून लावेल." त्यांना केवढा दिलासा वाटला! रोज माझा फोन वाजायला लागला. "लाव गं." मी लावायचे. थोड्या वेळाने परत, "झालं का? जाऊ का आता?" आकडा त्यांच्या समोर भिंतीवर असायचा, चाळिसाच्या वर गेलेला. तरी त्या मला विचारायच्या.

असे काही महिने गेल्यावर मला ते सोसेना. एका सुट्टीच्या दिवशी नवरा बाहेर गेला होता. सासूबाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, खाली गाड्यांची रांग लागलेली. मी त्यांच्या पायाशी बसले. पाठ केल्यासारखं बोलले. आई, तो गीझर तुमच्याकडून बंद होत नव्हता. तुम्ही बटण दाबत होता. मी ऑफिसातून फोनवरून बंद करत होते. मुद्दाम. तुम्हाला काही झालेलं नाहीये.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. वाटलं, आता मुस्काटात देतील. द्यावी, असं मला खरंच वाटत होतं.

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "तू कशाला करशील असं? उगाच म्हातारीचं मन राखायला काहीतरी सांगू नकोस."

"खरं सांगतेय, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशा. "तू आहेस म्हणून चाललंय माझं. नाहीतर ताईसारखं बांधूनच ठेवावं लागलं असतं."

आता मला गप्प बसता आलं असतं. पण मी विचारलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते. "आई, डोंबिवलीला मी दवाखान्यातून आले होते, पोट पडल्यावर. मावशींनी पातेलं आणलं होतं. तुम्ही ते परत दिलंत. आठवतं?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, शोधत होत्या हे दिसत होतं. एकदा ओठ हलले. डोळ्यांत काहीतरी आलं, आणि त्यांनी ते स्वतःच पुसून टाकलं.

"काहीतरी आठवल्यासारखं होतंय गं," त्या म्हणाल्या. "पण ते खरंच झालं, की तू म्हणतेस म्हणून वाटतंय? माझ्या आठवणीवर आता मीच भरवसा ठेवत नाही. तूच सांग, मी परत दिलं होतं का?"

ते पाहिलेलं माणूस आता दुसरं कुणी उरलेलं नाही. सासरे गेले, मावशी गेल्या, नवरा तेव्हा कामावर होता.

"नाही," मी म्हटलं. "मलाच काहीतरी वाटलं असेल."

"बघ, तुझं पण होतं असं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या हसल्या.

काल सकाळी मी जॅममध्ये अडकलेल्या बसमध्ये होते, फोन आला. लाव गं. मी लावलं. मग परत फोन. "जाऊ का गं आंघोळीला?"

मी स्क्रीनवर आकडा पाहिला. बेचाळीस.

"जा," मी म्हटलं.